डोंगर पेटलाय, घर सोडायचं का?

*ताई, आम्ही गोरेगाव पूर्वेला दिंडोशीच्या बाजूला सातव्या मजल्यावर राहतो. मागे डोंगर आणि जंगल. काल संध्याकाळपासून डोंगरावर वणवा लागलाय. रात्री ज्वाळांची लांबच लांब रांग दिसत होती. अग्निशमन दलाच्या गाड्या आल्या, पण त्या वर चढू शकत नाहीत. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत आणि त्यांना दमा आहे. रात्रभर खोकत होत्या. मुलगा दहावीला आहे, परवा त्याचा पेपर आहे. यांचं म्हणणं, "दरवर्षी लागतो, दोन दिवसांत विझतो, उगाच तमाशा नको." सासूबाई घर सोडायला तयार नाहीत. नणंद दादरला आहे, पण "लेकीकडे किती दिवस राहायचं" म्हणतात. माझं माहेर मुलुंडला, तिथे चला म्हटलं तर हे गप्प. सोसायटीच्या ग्रुपवर काही पोरं झाडाच्या फांद्या घेऊन वर जायच्या गोष्टी करतायत, कुणी लॉस एंजेलिसचे व्हिडिओ टाकतंय, आणि सेक्रेटरी म्हणतात, बाहेर फोटो पाठवू नका, फ्लॅटचे भाव पडतील. मी घाबरट आहे की बाकीचे बेफिकीर? आम्ही निघावं का?*
*– गोरेगावची एक सून*

तुमचं पत्र पुढच्या आठवड्याच्या सदरासाठी ठेवण्यासारखं नव्हतं. त्यामुळे चार ओळींचं उत्तर तुम्हाला त्याच सकाळी ईमेलने पाठवलं: सासूबाई आणि मुलगा यांना आज दुपारीच दादरला हलवा, संध्याकाळची वाट पाहू नका. तेच इथे सविस्तर लिहितेय. बोरिवलीपासून भांडुपपर्यंत डोंगराला पाठ लावून उभ्या असलेल्या शेकडो इमारतींत फेब्रुवारी ते मे हाच वाद चालतो.

आधी तुमच्या यजमानांची बाजू घेते. "दरवर्षी लागतो" हे खरं आहे. पावसाळ्यात कमरेएवढं वाढलेलं गवत जानेवारीनंतर वाळून कोरडंठाक होतं आणि एक काडी पुरते. वन खात्याचा वणव्याचा हंगामच १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरलेला असतो. तुमच्या दिंडोशीलाच ३ डिसेंबर २०१८ च्या संध्याकाळी आयटी पार्कमागच्या डोंगरावर मोठी आग लागली होती आणि अग्निशमन दल रात्रभर झुंजत होतं. म्हणजे हंगामाच्या आधीही लागते. सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीचा सातवा मजला गवताच्या आगीत पेटेल ही शक्यता फार कमी, हेही त्यांचं बरोबर. लॉस एंजेलिसला जानेवारी २०२५ मध्ये वस्त्याच्या वस्त्या जळाल्या. तिथली बरीचशी घरं लाकडी सांगाड्यांची होती आणि सँटा ॲना नावाचे कोरडे वारे वादळासारखे सुटले होते. ते व्हिडिओ पाहून आपल्या बाल्कनीत उभं राहून थरथरायचं कारण नाही.

पण यजमान ज्वाळांबद्दल बोलतायत आणि सासूबाई खोकतायत धुरामुळे. हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि तुमच्या घरात ते एकच समजून भांडण चाललंय.

गवताची आग भरभर पुढे सरकते आणि मागे काळा पट्टा सोडून जाते. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, विझली. त्या काळ्या पट्ट्यात पडलेले ओंडके, बुंधे, पानांचे थर मात्र नुसते धुमसत राहतात, कधी दोन-तीन दिवस. धुमसणारं लाकूड ज्वाळेने जळणाऱ्या गवतापेक्षा जास्त धूर ओकतं, कारण जळण अर्धवट होतं. म्हणून "रात्री तर सगळं लाल दिसत होतं, आता काहीच नाही" असं ज्या सकाळी म्हटलं जातं, त्याच सकाळी दम्याच्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास होतो.

त्यात आपल्या मुंबईच्या वाऱ्यांची गंमत आहे, आणि निर्णयाची वेळ तीच ठरवते. या दिवसांत दुपारी समुद्रावरून वारा येतो, पश्चिमेकडून. तो तुमच्या डोंगराचा धूर पलीकडे, पवई-मुलुंड-ठाण्याकडे ढकलतो. तुम्हाला वाटतं हवा सुधारली. रात्री जमीन गार झाली की वारा उलटतो, पूर्वेकडून समुद्राकडे हळूहळू वाहू लागतो, आणि डोंगरावरचा धूर थेट गोरेगाव-मालाडच्या खिडक्यांत उतरतो. पहाटे वरच्या उबदार हवेच्या थराखाली गार हवा अडकते, तिच्यात धूरही अडकतो. ऊन चांगलं वर येईपर्यंत तो हलत नाही. काल रात्री सासूबाई का खोकल्या आणि आज दुपारी त्यांना "बरं वाटतंय" का म्हणाव्याशा वाटेल, हे यात आलं. त्या दुपारच्या बरं वाटण्यावर विसंबून राहिलात तर रात्री दोन वाजता रिक्षा शोधावी लागेल. निघायचं तर दुपारी, हवा स्वच्छ असताना.

आणि म्हणूनच मुलुंड नको. माहेरी जावंसं वाटणं मी समजू शकते. अशा वेळी आईच्या हातचा चहा हवा असतो. पण मुलुंड त्याच जंगलाच्या दुसऱ्या अंगाला आहे. तुमच्याकडे हवा सुधारते तेव्हा धूर तिकडे गेलेला असतो. यजमान गप्प बसले ते या कारणाने नसावं, पण या वेळी निकाल त्यांच्या बाजूने लागतो. दादर डोंगरापासून लांब आहे, आणि तिथून मुलाचं परीक्षा केंद्र एका लोकलच्या अंतरावर आहे.

सासूबाईंना कसं तयार करायचं? "तुमच्या तब्येतीसाठी चला" म्हणालात तर त्या हलणार नाहीत. आपल्याकडे बाईने स्वतःच्या तब्येतीसाठी जागा सोडणं म्हणजे नखरे, असं त्यांच्या पिढीला शिकवलंय. त्यात लेकीच्या घरी राहायचा संकोच. पण नातू परीक्षेला दादरहून जाणार असेल तर तिथे दिवसभर त्याच्याकडे पाहायला कुणीतरी लागेलच. नणंद नोकरीला जात असेल तर दुपारी घरात कोण? हे खरंच आहे, त्यात बनवाबनवी नाही. त्यांना पेशंट म्हणून नेऊ नका, आजी म्हणून न्या. आणि नणंदेला फोन तुम्ही करू नका, तिच्या भावाला करायला लावा. "आईला घेऊन येतोय" हे मुलाने सांगितलं की सून सासूला घराबाहेर काढतेय या शंकेला जागा राहत नाही.

आता दम्याबद्दल, कारण इथे मी जरा कडक बोलणार आहे. "पंपाची सवय लागते" म्हणून रोजचा पंप बंद ठेवून फक्त दम लागला की ओढायचा, असं चाललं असेल तर ते आजच थांबवा. डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेला पंप धुराच्या दिवसांत चुकवायचा नसतो. तातडीचा पंप त्यांच्या पदराशी असू दे, नणंदेच्या घरी बॅगेच्या तळाशी नको. डॉक्टरांना आजच फोन करून विचारा: खोकला वाढला तर किती पफ, किती वेळाने, आणि कधी उठून निघायचं. बोलताना एका दमात वाक्य पुरं होत नसेल, पंप घेऊनही उतार पडत नसेल, ओठ किंवा नखं निळसर दिसत असतील, छातीत दुखत असेल किंवा गुंगी येत असेल, तर सकाळची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. गूळ खाल्ल्याने छातीतला धूर निघून जातो असं कुणीतरी सांगेलच. गूळ जरूर खाऊ द्या, पण पंपाच्या जागी नाही.

तुम्ही दोघं घरी थांबणार असाल तर एक खोली ठरवा, डोंगराकडे तोंड नसलेली. तिच्या खिडक्या बंद, दाराच्या फटीला ओला टॉवेल. स्प्लिट एसी असेल तर खुशाल लावा, तो घरातलीच हवा फिरवतो. खिडकीचा एसी असेल तर बाहेरची हवा आत घेणारी झडप बंद आहे ना ते पाहा. स्वयंपाकघरातला आणि बाथरूममधला एक्झॉस्ट फॅन बंद ठेवा, तो हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच धुराची हवा फटींतून आत येते. देवापुढची उदबत्ती, धूप, कापूर आणि डासांची कॉइल दोन दिवस राहू द्या. देव समजून घेईल, फुप्फुसं घेणार नाहीत. फोडण्या आणि तळणही कमी करा. राख झाडूने झाडू नका, उडून पुन्हा नाकात जाते. ओल्या फडक्याने पुसा. दुपारी हवा निवळली की थोडा वेळ खिडक्या उघडा आणि सूर्यास्ताआधी बंद करा. तुम्ही बहुधा उलटं करत असाल, दिवसा बंद आणि रात्री गारव्यासाठी उघड्या.

मास्क कोविडमधला कापडी किंवा निळा सर्जिकल नको. धुराचे बारीक कण त्यातून आरपार जातात, ओल्या रुमालातूनही जातात. एन-९५ हवा, नाकावरची पट्टी दाबून, कडेने हवा शिरणार नाही असा. यजमानांना दाढी असेल तर तो त्यांच्या चेहऱ्यावर नीट बसणार नाही, हे त्यांना आवडलं नाही तरी सांगा. सासूबाईंना तो लावून श्वास जड वाटत असेल तर जबरदस्ती नको. त्यांच्यासाठी मास्कपेक्षा जागा बदलणं महत्त्वाचं.

मोबाइलवर हवेचा आकडा पाहता का? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर ॲपवर तो मिळतो. २०० च्या पुढे "खराब", ३०० च्या पुढे "अति खराब", ४०० च्या पुढे "गंभीर". पण तो आकडा मागच्या २४ तासांच्या सरासरीचा असतो आणि केंद्र तुमच्या इमारतीपासून बरंच लांब असू शकतं. खिडकीत धूर दाटलाय आणि ॲप "मध्यम" म्हणतंय, असं होऊ शकतं. तेव्हा नाकावर विश्वास ठेवा.

"निघायचं का" हा वाद रोज नव्याने घालू नका, त्यात तुम्हीच हरणार, कारण "थांबू या अजून थोडं" हे नेहमी सोपं असतं. यजमानांशी बसून आत्ताच ठरवा की कशावर निघायचं. माझ्या हिशेबाने: खिडक्या बंद असूनही घरात जळकट वास येत असेल, समोरची इमारत धुरात पुसट दिसत असेल, तुमच्यापैकी कुणाचे डोळे-घसा सतत चुरचुरत असतील. यातलं एकही झालं तर तुम्ही दोघंही त्या रात्रीपुरते दादरला जायचं. आणि अग्निशमन दलाने किंवा पोलिसांनी इमारत रिकामी करायला सांगितलं तर चर्चा नाही, लगेच जिन्याने खाली. लिफ्ट नाही. गॅस बंद, खिडक्या बंद. ही यादी फ्रिजवर लावा. "दरवर्षी लागतो" म्हणणारा माणूसही स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं सहसा मोडत नाही.

एवढं सगळं धुराबद्दल लिहिलं, पण इमारतीला धोका शून्य आहे असं नाही. आगीची भिंत तुमच्यापर्यंत येणार नाही, ठिणगी येऊ शकते. लॉस एंजेलिसच्या व्हिडिओंतून घ्यायचं असेल तर एवढंच घ्या: तिथेही कित्येक घरं ज्वाळांनी नाही, वाऱ्यावर उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटली. तुमच्या डोंगराकडच्या बाल्कनीत वाळत घातलेले कपडे, पावसाळ्यासाठी गुंडाळून ठेवलेली ताडपत्री, जुनी वर्तमानपत्रं, सुकलेल्या कुंड्या असतील तर त्या आत घ्या. तळमजल्याच्या मागच्या भिंतीशी साचलेला पालापाचोळा सोसायटीने आजच उचलावा. उचलावा म्हणतेय, पेटवू नये. हे सांगावं लागतं, कारण मुंबईतल्या कितीतरी सोसायट्यांत वॉचमन रोज सकाळी पानं गोळा करून तेच करतो, आणि मग वणवा कुणी लावला म्हणून संध्याकाळी ग्रुपवर पाड्यातल्या लोकांकडे बोट दाखवलं जातं. आपल्या जंगलातले वणवे जवळपास सगळे माणसानेच लावलेले असतात, मुद्दाम किंवा बेपर्वाईने: बिडीचं थोटूक, कचऱ्याची होळी, मोहोळ काढताना धरलेला टेंभा, जमिनीवर डोळा ठेवून लावलेली काडी. राखीव वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ खाली गुन्हा आहे, आणि राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव अधिनियम १९७२ खालीही. कुणी काडी लावताना पाहिलं असेल तर पोलिसांना आणि वन खात्याला सांगा. पाहिलं नसेल तर अंदाज ग्रुपवर टाकू नका.

फांद्या घेऊन निघालेल्या पोरांना कुणीतरी मोठ्याने अडवा. वनमजूर हिरव्या फांद्यांनी गवत झोडपून आग विझवतात हे खरं, पण त्यांना वाऱ्याचा अंदाज असतो आणि ते आगीच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं ते जाणतात. आग चढावर धावते, आणि वरच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसापेक्षा वेगाने धावते. तामिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात ११ मार्च २०१८ ला ट्रेकला गेलेला गट असाच उतारावर सापडला. वीसहून अधिक जीव गेले, बहुतेक तरुण. उत्तराखंडात बिनसर अभयारण्यात जून २०२४ मध्ये तर वन खात्याची, रोज हेच काम करणारी माणसं होरपळली. आपली पोरं हाफ पँट आणि चपलांवर जाणार आहेत. त्यांच्यात धमक आहे तर तिला खाली काम द्या. गेटजवळच्या दुहेरी पार्किंगच्या गाड्या हलवा म्हणजे बंब आत शिरेल. सोसायटीच्या आग विझवायच्या पाइपमध्ये पाणी येतं का ते पाहा, बहुतेक ठिकाणी ते कुणी वर्षानुवर्षं उघडलेलं नसतं. प्रत्येक विंगेत एकटं राहणारं म्हातारं माणूस कोण आहे त्याची यादी करा. वरून उतरणाऱ्या जवानांना पाणी द्या.

फोन करतानाही नीट करा. अग्निशमन दल १०१, महापालिकेचा आपत्कालीन कक्ष १९१६, वन खात्याची हेल्पलाइन १९२६. "डोंगरावर आग लागलीय" एवढं सांगून भागत नाही, डोंगर मोठा आहे. कुठल्या रस्त्याने, कुठल्या गेटपाशी, कुठल्या इमारतीमागे, आणि आग कुठल्या बाजूला सरकतेय ते सांगा. कुणीतरी केला असेल असं धरून बसू नका. वन खात्याला उपग्रहावरूनही आगीच्या जागा कळतात, पण उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातो. मधल्या तासांत तुमच्या सातव्या मजल्यावरून त्याहून जास्त दिसतं.

बिबट्या किंवा साप खाली आला तर १९२६ लाच. आगीतून पळालेल्या जनावराभोवती मोबाइल घेऊन गोल करू नये, त्याला पळायला वाट ठेवावी. इमारतीत कुणाचा कुत्रा असेल तर त्याला दोन रात्री आत घ्या.

राहिले तुमचे सेक्रेटरी. फ्लॅटचे भाव पडतील म्हणून धूर लपवायचा, हे फक्त मुंबईतच सुचू शकतं. त्यांना सांगा, ज्याला तुमच्या इमारतीत घर घ्यायचंय त्याने "फॉरेस्ट व्ह्यू" चे पैसे मोजायच्या आधी तो डोंगर मार्चमध्ये पाहिलेला बरा. आणि त्यांना खरंच काही करायचं असेल तर सोसायटीचा हॉल मागच्या पाड्यांतल्या लोकांसाठी उघडायला लावा. तुमच्यामागे आरे कॉलनीत सत्तावीस आदिवासी पाडे आहेत. तिथल्या घरांना बंद करायला काचेच्या खिडक्या नाहीत, एसी नाही, आणि आग त्यांच्या अंगणाच्या कडेला असते. तिथेही दम्याच्या सासूबाई आहेत, दहावीची पोरं आहेत. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई त्यातल्याच एका पाड्यातून येत असतील, तर आज त्या का आल्या नाहीत हे विचारायला फोन करा, पगार कापायला नाही.

तुम्ही घाबरट आहात का, हे विचारलंत. रात्रभर कुणीतरी खोकतंय हे ऐकून ज्या घरात एकटीच जागी होती ती घाबरट कशी? यजमान बेफिकीर आहेत असंही मला वाटत नाही. बायको, आई आणि परीक्षा यांच्यामध्ये सापडलेला माणूस "काही होत नाही" असंच म्हणतो. त्यांना आज अर्धा दिवस रजा काढायला सांगा. दुपारी दोनच्या सुमारास निघा, लोकलला गर्दीही कमी असते. सासूबाईंच्या पंपांसोबत औषधांची चिठ्ठी घ्या. मुलाचं हॉल तिकीट त्याच्या नाही, तुमच्या पर्समध्ये ठेवा.